पावसाळ्यात बंद राहणारं विमानाचं छोटं इंजिन: गंजापासून आणि उष्णतेपासून कसं जपायचं

मी दर शनिवारी सकाळी इंजिन दहा मिनिटं चालू करायचो. नवी मुंबईतल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी स्टँडवर, लायकमिंग कंपनीचं ओ-३२० जातीचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलेलं होतं. मी तिथला वर्कशॉप असिस्टंट. गाडी उभी ठेवली की खराब होते, अधूनमधून चालू करावी, हे आपण स्कूटरवरून शिकलेलो. तेच शहाणपण मी जूनपासून सप्टेंबरपर्यंत इमानेइतबारे या इंजिनाला लावलं.

ऑक्टोबरमध्ये सिलिंडर उतरवले तेव्हा आतल्या भिंतींवर तपकिरी पट्टे होते आणि कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) लोबांवर, म्हणजे उंचवट्यांवर, सुईने टोचल्यासारखे खड्डे. जुहूच्या हँगरमधून एक अनुभवी एएमई (विमान देखभाल अभियंता) सर पाहायला आले होते. त्यांनी टॉर्च आत धरली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चार महिने पाणी पाजलंस की रे याला!"

खरंच पाजलं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ एक्झॉस्टमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मधल्या पेटीत, शिरते. तेल नीट तापलं तर ही वाफ ब्रीदरवाटे, म्हणजे क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडते. दहा मिनिटांत तेल कोमटच राहतं, वाफ आतच थिजते, ज्वलनातली आम्लं तिच्यात मिसळतात आणि इंजिन हे मिश्रण पुढच्या शनिवारपर्यंत पोटात घेऊन बसतं. गंमत अशी की त्याच दहा मिनिटांत सिलिंडरची डोकी (हेड) मात्र भरपूर तापतात, कारण जागेवर उभ्या इंजिनाला उडताना मिळतो तसा वारा मिळत नाही. म्हणजे तेल थंड आणि सिलिंडर गरम. गंज आणि उष्णता, दोन्हींचा मार एकाच वेळी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून पनवेल-उलव्याकडची बरीच मुलं या क्षेत्राबद्दल विचारायला लागली आहेत. तिथे जेट उतरतात, पण तुमचे हात बहुधा आधी अशाच एखाद्या पिस्टन इंजिनावर काळे होतील. म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगतो: उडणाऱ्या विमानाच्या इंजिनावर तुम्ही एकट्याने काही करायचं नाही. काम बी१.२ (पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या) लायसन्सवाल्या एएमईच्या देखरेखीखाली आणि त्यांच्या सहीने होतं. प्रात्यक्षिकाच्या इंजिनावर थोडी मोकळीक असते, पण सवय तीच लावा.

१. आधी किती दिवसांचा प्रश्न आहे ते ठरवा

लायकमिंगचं सांगणं असं: चालू वापरातल्या इंजिनाचं दर तीस दिवसांच्या आत किमान एक तास सलग उड्डाण व्हावं आणि तेलाचं तापमान १६५ ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअस राहावं. हे जमत असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. नसेल जमत, तर इंजिन 'झोपवायचं', म्हणजे प्रिझर्व्हेशन करायचं. "मधूनमधून चालू करू" असा तिसरा पर्याय नाही.

पन्नास तासांहून जास्त चाललेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर वार्निशसारखा थर बसलेला असतो, तो थोडंफार संरक्षण देतो. नव्या किंवा नुकत्याच बदललेल्या सिलिंडरला ते कवच नसतं. अशांना आपल्याकडच्या जुलैत एक आठवडासुद्धा उघडं सोडू नका. एकीकडे ठाण्याची खाडी, दुसरीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि वरून अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेली मुदत इथे निम्मी समजायची, हा माझा हिशेब.

काम मेच्या शेवटच्या आठवड्यात उरकून घ्या. पहिली सर आल्यावर सुरुवात केली तर दमट हवाच आत बंद कराल.

२. सामान आणि कागद

माझ्या यादीत हे असतं:

- इंजिनाच्या निर्मात्याची चालू आवृत्तीची कागदपत्रं. लायकमिंगसाठी सर्व्हिस लेटर एल१८०. झेरॉक्सच्या फाइलमधली जुनी प्रत नको, आवृत्तीचं अक्षर तपासा.
- इंजिन लॉगबुक
- प्रिझर्व्हेशन तेल: एरोशेल फ्लुइड २एफसारखं तयार तेल, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि खनिज तेल
- बारीक फवारा मारणारी, लांब नळीची स्प्रे गन
- स्पार्क प्लगच्या जागी बसणारे डिहायड्रेटर प्लग, म्हणजे आत सिलिका जेल भरलेले पारदर्शक प्लग
- सिलिका जेलच्या पिशव्या, ओलावा न शोषणारी टेप, लाल रिबिनी
- टॉर्क पाना, नवीन तांब्याची गॅस्केटं, बोरोस्कोप (भोकातून आत बघायचा बारीक कॅमेरा)
- धागे न सुटणारी फडकी. होजिअरीच्या चिंध्या चालत नाहीत, त्यांचे धागे नेमके तेलाच्या जाळीत सापडतात.

उडणाऱ्या इंजिनासाठी विकत घेतलेल्या प्रत्येक सुट्या भागाबरोबर त्याचा रिलीज कागद, म्हणजे तो वापरायला योग्य असल्याचा दाखला, हवा. भारतातल्या मान्यताप्राप्त कार्यशाळेतून आलेल्या भागाला सीए फॉर्म १ असतो. कागद नसेल तर भाग कितीही चकचकीत असो, तो वर्गात दाखवायच्या कामाचा.

रोटॅक्स ९१२ हे इंजिन वापरणाऱ्यांनी आपलं वेगळं पुस्तक उघडावं. त्याची तेलाची टाकी वेगळी असते, डोकी पाण्याने थंड होतात, त्यामुळे खालचे तपशील जसेच्या तसे लागू करू नका.

३. शेवटचं चालवणं आणि तेल

जुनं तेल काढून टाका. वापरलेल्या तेलात आम्ल आणि शिशाचा गाळ असतो. विमानाच्या १००एलएल पेट्रोलमध्ये आजही शिसं असतं हे लक्षात ठेवा, आणि ते तेल हाताला लागलं तर साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका. त्या जागी प्रिझर्व्हेशन तेल भरा. कॉन्सन्ट्रेट वापरत असाल तर प्रमाण एकास तीन, म्हणजे एक भाग कॉन्सन्ट्रेट आणि तीन भाग खनिज तेल.

आता इंजिन चालवा आणि तेल १८० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८२ अंश सेल्सिअसपर्यंत पोचल्याशिवाय बंद करू नका. हे वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर तो कॅमशाफ्ट वाचला असता.

स्टँडवरचं इंजिन चालवताना एक डोळा तेलाच्या तापमानावर ठेवायचा, तर दुसरा सिलिंडर हेडच्या. निर्मात्याची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस असली तरी दोनशे सेल्सिअसच्या पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद उतरायला लागते. मी दोनशेला थ्रॉटल मागे घेतो. तेल तापण्याआधीच डोकी तिथे पोचत असतील तर तुमच्या स्टँडची हवा खेळवण्याची व्यवस्था चुकली आहे. पायरी ७ आधी वाचा.

४. सिलिंडरच्या आत फवारा

हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत धोक्याचं काम आहे, कारण इथे प्रॉपेलर हाताने फिरवावा लागतो. विमानाच्या मॅग्नेटोला, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राला, बॅटरी लागत नाही. स्विच 'ऑफ' असला आणि त्याची अर्थिंगची तार तुटलेली असली, तर हाताने फिरवलेला प्रॉपेलरसुद्धा इंजिन पेटवू शकतो. म्हणून सर्व प्लगच्या, वरच्या आणि खालच्याही, तारा काढून बाजूला करा. इंधनाचा कॉक बंद, मिक्स्चरची (इंधन-हवेच्या प्रमाणाची) दांडी मागे. तरीही प्रॉपेलरच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. पंखा जिवंतच आहे असं समजून वागा.

मग क्रम असा:

वरचे प्लग काढा आणि बोरोस्कोपने भिंतींचे फोटो काढून ठेवा. एका सिलिंडरचा पिस्टन तळाला आणा, म्हणजे भिंत जास्तीत जास्त उघडी पडते. प्लगच्या भोकातून नळी आत घालून फवारा मारा, नळी थोडी फिरवत राहा. एकेक करून चारही सिलिंडर झाले की क्रँकशाफ्ट अशा जागी थांबवा की कुठलाच पिस्टन अगदी वरच्या टोकाला नाही. आता कुठलाही भाग न हलवता चारही सिलिंडरमध्ये पुन्हा फवारा. दोन्ही वेळचं मिळून एका सिलिंडरला साधारण ६० मिली तेल लागतं.

हा दुसरा फवारा लोक टाळतात, आणि खरं काम तोच करतो. पहिल्या फवाऱ्यानंतर तुम्ही क्रँकशाफ्ट फिरवलेला असतो, रिंगांनी भिंतीवरचं तेल पुसून काढलेलं असतं. याच कारणासाठी यानंतर प्रॉपेलर हाताने फिरवायचा नाही. "जाम होऊ नये म्हणून आठवड्याला दोन फेऱ्या द्या" असा सल्ला देणारं कोणी ना कोणी भेटतंच. नम्रपणे हो म्हणा आणि प्रॉपेलरला 'फिरवू नये' अशी पाटी बांधा.

कॅमशाफ्टचं काय, असं विचाराल. लायकमिंगमध्ये तो क्रँकशाफ्टच्या वर बसतो. इंजिन थांबलं की तेल निथळून खाली जातं आणि सगळ्यांत आधी कॅमच उघडा पडतो. तिथे फवारा पोचत नाही. त्याला वाचवतं ते पायरी ३ मधलं तापलेलं, चिकटून राहणारं तेल. म्हणून ती पायरी गाळून थेट फवाऱ्यावर येऊ नका.

५. भोकं बंद करा, आतली हवा कोरडी ठेवा

वरच्या प्लगच्या जागी डिहायड्रेटर प्लग. एक्झॉस्ट आणि इनटेकच्या तोंडांत सिलिका जेलची पिशवी, वरून टेप. ब्रीदरची नळी विसरू नका, सगळे तीच विसरतात. प्रत्येक बंद तोंडाला लाल रिबीन बांधा आणि एकूण किती पिशव्या आत गेल्या ते लॉगबुकमध्ये आकड्यात लिहा. रिबीन पावसा-वाऱ्यात गळून पडते, आकडा राहतो.

निळं सिलिका जेल ओलावा पिऊन गुलाबी होतं. पावसाळ्यात मी दर आठवड्याला बघतो. निम्मे प्लग गुलाबी दिसले की सगळेच बदलतो. जेल १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास भाजलं की पुन्हा निळं होतं, पण घरच्या ओव्हनमध्ये भाजू नका. त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, आणि ते विषारी आहे. मी एकदा आईच्या ओटीजीकडे नजर टाकली होती. तिने डबा हातात घेऊन "हे काय?" एवढंच विचारलं आणि मी भंगारातून जुना ओव्हन विकत आणला.

एक सापळा इथे खास आपल्याकडचा. संस्थेला वाटतं, इंजिन एसीच्या खोलीत ठेवलं की झालं. चोवीस तास एसी चालणार असेल तर उत्तमच. पण संध्याकाळी सहाला एसी बंद, शटर उघडं, आणि थंडगार धातूवर बाहेरची दमट हवा. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो तसं शंभर किलोंच्या वरचं ते धूड घामेजतं, रोज संध्याकाळी. त्यापेक्षा पंखा लावलेली साधी, कोरडी, एकसारख्या तापमानाची खोली बरी.

काही जण माशांच्या टाकीचा छोटा पंप घेऊन सिलिका जेलमधून हवा खेळवतात आणि ती कोरडी हवा क्रँककेसमध्ये सोडतात. कल्पना चांगली आहे. मात्र जेल गुलाबी झाल्यावर कोणी पाहिलंच नाही, तर तोच पंप रात्रंदिवस दमट हवा आत ढकलत बसतो.

६. बाहेरचे भाग

सिलिंडरच्या नळकांड्याचे पंख, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ कडा, पोलादी असतात, रंग उडाला की लगेच गंजतात. गंज तारेच्या ब्रशने हलकेच काढा आणि निर्मात्याने सांगितलेला इंजिन एनॅमल पातळ मारा. जाड थर म्हणजे सिलिंडरला गोधडी.

नट-बोल्टांवर पांढरी पूड दिसली तर घाबरू नका. वरच्या मुलाम्यातलं कॅडमियम (एक धातू) स्वतः झिजून आतल्या पोलादाला वाचवत असतं. लालसर डाग दिसला तर मात्र मुलामा संपला, बोल्ट बदला. कॅडमियमचा मुलामा असलेले बोल्ट एक्झॉस्टवर लावायचे नाहीत. २३२ अंश सेल्सिअसच्या वर ते वापरत नाहीत आणि ३२१ ला तर कॅडमियम वितळतंच.

आणि डब्ल्यूडी-४०? ते ओलावा हटवायला आणि अडकलेला स्क्रू सोडवायला. चार महिन्यांच्या राखणीला ते पुरत नाही.

७. उष्णतेचा रस्ता

उष्णतेपासून रक्षण म्हटलं की नवख्या माणसाच्या डोक्यात लेप आणि गुंडाळ्या येतात. नव्वद टक्के काम हवेच्या रस्त्याचं असतं.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हवा वरून आत येते, पंखांमधून खाली उतरते आणि बाहेर पडते. तिला तसं वागायला भाग पाडतात ते बॅफल, म्हणजे सिलिंडरभोवतीचे पातळ पत्रे आणि त्यांच्या कडांना लावलेल्या सिलिकॉन रबराच्या पट्ट्या. पट्टी उलटी दुमडली, पत्र्याला भेग गेली, स्क्रूचं एक भोक उघडं राहिलं, की हवा सोपी वाट धरते आणि मागचे सिलिंडर तापतात. अंधारात एका बाजूला दिवा धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा. जिथून उजेड येतो तिथून हवा पळते. पंखांमध्ये घुसलेले उंदराचे घरटे, पानं, मागच्या वर्षीची टेप, हेही बघा. मला एकदा गुटख्याची पुडी सापडली होती.

एक्झॉस्टमधला वायू आठशे अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. त्यामुळे त्याचे नियम वेगळे:

पेन्सिलीने खूण करायची नाही. शिसपेन्सिलीतला कार्बन गरम झाल्यावर पोलादात शिरतो आणि नेमकी त्या रेषेवर भेग जाते. जस्ताचा मुलामा असलेली हत्यारंही दूर ठेवा.

गुंडाळी लावायची नाही. तीन हात नाक्यावर सिग्नलला उभ्या बुलेटच्या सायलेन्सरला पट्टी गुंडाळलेली दिसते, झकास दिसते. विमानात तीच पट्टी आत ओलावा धरते, नळीचा धातू जास्त तापवते आणि पडलेली भेग लपवते.

गळती शोधायला व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून एक्झॉस्टमध्ये हवा सोडा, सांध्यांवर साबणाचं पाणी फासा. बुडबुडे आले की सापडली. जोडाजवळ राखाडी-पांढरे ओघळ दिसले तरी तोच अर्थ. केबिनच्या हीटरभोवतीचं आवरण काढून आतली नळी दर वेळी बघा. तिथली भेग म्हणजे वैमानिकाच्या नाकात कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वास नसतो.

एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्यांवर नारिंगी फायरस्लीव्ह असते. तिची दोन्ही टोकं नीट बंद हवीत. उघड्या टोकातून तेल आत झिरपलं तर ती स्लीव्ह वातीचं काम करते.

८. लेप द्यायला बाहेर पाठवताना

वागळे इस्टेट आणि रबाळे-महापे पट्ट्यात पावडर कोटिंग, प्लेटिंग, ब्लास्टिंग (जोराने कण मारून पृष्ठभाग साफ करणं) करणारे भरपूर गाळे आहेत, माणसंही कामाला चोख. म्हणूनच मोह होतो. उडणाऱ्या इंजिनाचा भाग मान्यताप्राप्त कार्यशाळेशिवाय आणि मंजूर कार्यपद्धतीशिवाय कुठेही द्यायचा नाही. इथे हा विषय संपला.

प्रात्यक्षिकाच्या इंजिनासाठी देत असाल तरी गाळेवाल्या दादांना पुढच्या गोष्टी कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते, उष्णतेने कडक केलेल्या ॲल्युमिनियमला ती मऊ करू शकते. वाळूने ब्लास्टिंग नको. वाळूचे कण तेलाच्या वाहिन्यांत जाऊन बसतात आणि फवारणाऱ्याच्या फुप्फुसांतही. आधी गेट-ग्रिलच्या लोखंडावर वापरलेला ब्लास्टिंगचा माल स्टेनलेसच्या एक्झॉस्टवर मारला तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि स्टेनलेसला गंज येतो. आमचा एक पाइप असाच पंधरा दिवसांत चट्टेरी झाला. चूक आमची, आम्ही सांगितलंच नव्हतं. उच्च ताकदीच्या बोल्टांना इलेक्ट्रोप्लेटिंग केलं तर आत शिरलेला हायड्रोजन काढायला लगेच १९० अंशांच्या आसपास तासन्‌तास भाजावं लागतं. ते जमत नसेल तर बोल्ट देऊच नका, नवे घ्या.

आणि लेप द्यायच्या आधी भेगांची तपासणी, नंतर नाही.

९. ऑक्टोबरात उठवताना

लॉगबुकातला आकडा काढा आणि तितक्या पिशव्या मोजून बाहेर घ्या. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत थांबा.

तारा सुट्याच ठेवून खालचे प्लगही काढा आणि प्रॉपेलर हाताने सावकाश काही फेऱ्या फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं तेल खालून निघून जाईल. हे न करता स्टार्टर दाबला तर पिस्टन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात. बोरोस्कोपने भिंती बघा, फोटो काढून मेच्या फोटोशेजारी ठेवा. प्लग नव्या गॅस्केटसह लायकमिंगला ३५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ४७ न्यूटन-मीटरने आवळा. चिकटू नयेत म्हणून लावायचं वंगण आट्यांवरच, टोकाचा पहिला आटा कोरडा.

प्रिझर्व्हेशन तेल काढा, ताजं भरा, एकदा चालवून तेलाची जाळी उघडून बघा. जाळीत चकाकणारे बारीक कण दिसले तर चुंबक जवळ न्या. चिकटले तर ते पोलाद आहे, बहुधा कॅम किंवा टॅपेटचं, आणि मग इंजिन पुन्हा चालू न करता एएमई सरांना फोन करायचा.